मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताने दिली जाणारी फिजिओथेरपी : केव्हा, कशी आणि कुठवर

मनगटाजवळ हाड मोडते, तेव्हा बहुतेक वेळा ते रेडियस या हाडाचे, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने खाली येणाऱ्या हाडाचे, मनगटालगतचे टोक असते. पडताना तळहात जमिनीवर टेकवल्याने हे घडते. तुकडे सरकलेले असतील किंवा भेग सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेली असेल, तर शल्यचिकित्सक मनगटाच्या तळहाताकडील बाजूने उभा छेद घेऊन हाडावर धातूची प्लेट आणि स्क्रू बसवतात. पुढील मार्गदर्शन मुख्यतः अशा प्लेटच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काळाविषयी आहे. हाड केवळ तारांनी धरलेले असेल, तर तारा निघेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, मनगट हलवायचे नसते आणि इथे सांगितलेले मनगटाचे सारे उपचार त्यानंतरच सुरू होतात.

प्लेटमुळे हाडाला पहिल्या दिवसापासून आधार मिळतो, परंतु सांध्याभोवतीचे आवरण, त्यावरून जाणाऱ्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या), त्वचेखालचा व्रण आणि सूज यांचे काय होईल हे प्लेट ठरवत नाही. प्लेट बसवण्यासाठी हात उपडा करणारा एक छोटा चौकोनी स्नायू हाडावरून सोडवून बाजूला घ्यावा लागतो, छेदाखालच्या थरांमध्ये रक्त साकळते, आणि हे सारे भरून येताना एकमेकांना चिकटण्याची शक्यता असते. क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते, तरी हात पोळी लाटताना वळत नाही, अशी तक्रार त्यातूनच निर्माण होते. फिजिओथेरपिस्टच्या हाताला काम आहे ते या मऊ भागांवर आणि सांध्याच्या बारीक हालचालींवर. मोडलेल्या हाडावर मात्र तो हात काही करत नाही आणि करूही नये.

उपचार सुरू करण्यापूर्वी

पहिल्या भेटीला जाताना शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. त्याआधी शल्यचिकित्सकांना तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. जोडणी किती भक्कम झाली आहे, करंगळीच्या बाजूच्या अल्ना हाडाला किंवा त्या दोन हाडांमधल्या सांध्याला इजा आहे का, आणि दुसऱ्याच्या हाताने मनगट वाकवण्यास कोणत्या आठवड्यापासून परवानगी आहे, हे ते तीन प्रश्न. हाड ठिसूळ असेल किंवा बारीक तुकडे झाले असतील, तर दोन रुग्णांच्या शस्त्रक्रियेचे नाव एकच असूनही त्यांच्या वेळापत्रकात काही आठवड्यांचा फरक पडू शकतो. म्हणूनच शेजारच्या व्यक्तीचा हात कधी सुटला यावरून आपला हिशेब करणे धोक्याचे आहे.

उपचार करणारी व्यक्ती पात्रताधारक आहे ना, हेही पाहावे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही अवमान नाही. घरी येऊन उपचार देणारे फिजिओथेरपिस्ट आता अनेक शहरांत मिळतात. त्यांच्यासाठी कोपरापासून पुढचा हात पूर्ण टेकेल असे टेबल आणि घट्ट गुंडाळलेला टॉवेल तयार ठेवावा, कारण गादीवर किंवा मांडीवर हात ठेवून मनगटाच्या सांध्यावर नेमके काम करता येत नाही.

पहिल्याच भेटीत मोजमापे व्हायला हवीत. मनगट वर आणि खाली किती अंश वळते, हात उताणा व उपडा किती होतो, मूठ मिटताना बोटांची टोके तळहातापासून किती सेंटिमीटर दूर राहतात, आणि या सगळ्यांत दुसरा हात कुठे आहे, याची नोंद उपचाराच्या वहीत असावी. सर्वसाधारण निरोगी मनगट वर सुमारे ७० अंश, खाली सुमारे ८० अंश, अंगठ्याच्या बाजूला २० आणि करंगळीच्या बाजूला ३० अंश वळते, तर हात उताणा आणि उपडा प्रत्येकी ८० ते ९० अंश फिरतो. तुलना मात्र पुस्तकातल्या आकड्याशी न करता स्वतःच्या दुसऱ्या हाताशी करणे अधिक योग्य ठरते. मोजमाप न घेता थेट मालीश किंवा यंत्र सुरू करणाऱ्या उपचाराविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण सुरुवातीचा आकडा नसेल तर सुधारणा होते आहे की नुसते दिवस जात आहेत, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

पहिले दोन आठवडे

या काळात मनगटाला दुसऱ्या कोणाचाही हात लागू नये. काम असते ते त्याच्या वरच्या आणि खालच्या सांध्यांचे. हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहील असा उशीवर ठेवावा, आणि झोळी सतत गळ्यात अडकवून ठेवू नये, कारण त्यामुळे कोपर व खांदा आखडतो आणि हात लोंबता राहून बोटांची सूजही उतरत नाही. बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या काढलेल्या असाव्यात. सूज असताना अडकलेली अंगठी पुढे कापावी लागते.

बोटांच्या हालचालींना अजिबात उशीर करू नये. आधी सर्व बोटे सरळ करावीत, मग मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त पुढचे सांधे आकड्यासारखे वाकवावेत, पुन्हा सरळ करून पूर्ण मूठ मिटावी, आणि शेवटी बोटे सरळ ठेवून ती फक्त मुळाशी काटकोनात वाकवावीत. या क्रमामुळे बोटे वाकवणाऱ्या कंडरा एकमेकींवरून आणि व्रणाखालून सरकत राहतात. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे आणि खांदा पूर्ण वर उचलणे हेही त्यात धरावे. जागे असताना दर तासा-दोन तासांनी प्रत्येक हालचाल सावकाश आठ-दहा वेळा करणे हे दिवसातून एकदाच शंभर वेळा करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

सुजेसाठी बोटांच्या टोकांपासून तळहाताच्या पाठीकडे आणि तिथून, पट्टीची जागा वगळून, कोपराकडे हलका हात फिरवावा. दिशा नेहमी टोकाकडून कोपराकडेच ठेवावी आणि दाब इतका कमी असावा की त्वचा केवळ हलेल. जोरात चोळल्याने सूज वाढते.

व्रणाची हाताळणी

टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढले जातात, परंतु टाके निघाले म्हणजे त्याच दिवशी चोळायला सुरुवात करायची असे नाही. छेद पूर्ण कोरडा झाला, खपल्या आपोआप गळून पडल्या आणि कुठेही फट उरली नाही, म्हणजेच हात लावावा. थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन घेऊन अंगठ्याच्या मऊ पेराने छेदावर असा दाब द्यावा की दाबाखालची त्वचा क्षणभर फिकी पडेल, आणि मग बोट त्वचेवर न घसरू देता त्वचेलाच खालच्या थरावरून हलवावे. प्रथम लहान वर्तुळात, नंतर छेदाला आडवे आणि शेवटी छेदाच्या लांबीच्या दिशेने, असे सुमारे पाच मिनिटे दिवसातून दोन-तीन वेळा करावे. केवळ तेल जिरवणे हा इथला हेतू नाही. व्रण खाली चिकटला असेल, तर बोटे मिटताना किंवा मनगट वर उचलताना छेदाची त्वचा आत ओढली जाऊन खळगा पडतो, आणि तसे दिसल्यास ते फिजिओथेरपिस्टला आवर्जून दाखवावे, कारण तिथे त्वचेची घडी चिमटीत उचलून लाटल्यासारखी पुढे सरकवण्याची त्यांची पद्धत तुमच्या अंगठ्यापेक्षा परिणामकारक असते.

काहींना व्रणाजवळ किंवा तळहाताच्या बुडाशी कापडाचा स्पर्शही सहन होत नाही. अशा वेळी तो भाग झाकून ठेवण्याने संवेदना अधिकच तीव्र होते. आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, अशा चढत्या क्रमाने त्या जागेवर दोन-तीन मिनिटे स्पर्श करावा, आणि व्रण पक्का झाल्यावर पातेल्यातल्या कोरड्या तांदळात हात घालून बोटे हळूहळू फिरवावीत.

सांध्यावरील प्रत्यक्ष काम

स्वतःच्या ताकदीने मनगट हळूहळू हलवणे, जोडणी भक्कम असेल तर, साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा सैल करण्याची वेळ मात्र त्यानंतरची असते. बहुतेक रुग्णांत ती चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, क्ष-किरण चित्र पाहून आणि शल्यचिकित्सकांच्या संमतीने येते.

सांध्यावर हात ठेवण्याआधी १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवावा किंवा, त्वचा पूर्ण भरलेली असल्यास, मेणाचा शेक घ्यावा. पाण्याची उष्णता आधी दुसऱ्या हाताने तपासावी, कारण दुखावलेल्या हाताची संवेदना कमी असू शकते. आत धातूची प्लेट असल्याने त्या जागी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर उष्णता देणाऱ्या यंत्राचा, शेक घ्यायचा नसतो. यंत्र लावण्यापूर्वी प्लेटचा उल्लेख तुम्ही स्वतःहून करावा. एक गोष्ट इथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अर्ध्या तासाच्या भेटीतील बहुतांश वेळ यंत्रांखाली गेला आणि फिजिओथेरपिस्टचा हात मनगटाला दोनच मिनिटे लागला, तर ज्यासाठी तुम्ही तिथे गेलात ते घडलेच नाही, आणि तसे नम्रपणे बोलून दाखवण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

योग्य पद्धतीत तुमचा हात टेबलावर टेकलेला आणि मनगट गुंडाळलेल्या टॉवेलच्या किंवा टेबलाच्या कडेशी असते. फिजिओथेरपिस्ट एका हाताने रेडियस व अल्ना ही दोन्ही हाडे सांध्याच्या अगदी जवळ धरतात आणि दुसऱ्या हाताने मनगटातील लहान हाडांची रांग पकडतात. दोन्ही पकडी सांध्याला खेटून असणे महत्त्वाचे आहे, कारण पकड जितकी दूर जाते तितका तरफेचा जोर वाढतो आणि तो जोडलेल्या हाडावर पडतो. तळहात आणि बोटे धरून मनगट वाकवणे हे या कारणास्तव चुकीचे आहे, मग ते घरच्या माणसाने केलेले असो वा दवाखान्यात झालेले असो. पकड घेतल्यावर आधी सांध्याची दोन टोके एकमेकांपासून किंचित दूर ओढली जातात. त्यानंतर लहान हाडांची रांग काही मिलिमीटर सरकवली जाते. मनगट वर उचलले जावे म्हणून ती तळहाताच्या दिशेने, आणि खाली वाकावे म्हणून हाताच्या पाठीच्या दिशेने. रुग्णाला हे उलटे वाटते, पण त्या हाडांचा पृष्ठभाग बहिर्वक्र आणि रेडियसचा अंतर्वक्र असल्याने हात ज्या दिशेला उचलला जातो, त्याच्या विरुद्ध दिशेला आतील हाडे घसरतात.

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या चार श्रेणी मांडल्या आणि त्या आजही शिकवल्या जातात. पहिल्या दोन श्रेणींत अडथळा जाणवण्याआधीच थांबून हलके हेलकावे दिले जातात आणि त्यांचा उद्देश वेदना कमी करणे हा असतो. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत आखडलेल्या आवरणाच्या अडथळ्यापर्यंत जाऊन काम केले जाते. सुरुवातीच्या भेटींत पहिल्या दोनच पुरेशा असतात. प्रत्येक आवर्तन अर्ध्या ते एका मिनिटाचे असते आणि त्यादरम्यान तुम्हाला ताण जाणवावा, परंतु श्वास रोखून धरावा लागू नये. खांदा वर चढला किंवा बोटे आवळली गेली, तर स्नायूंनी प्रतिकार सुरू केला आहे असे समजून थांबण्यास सांगावे. हे सहनशक्तीच्या परीक्षेचे ठिकाण नाही.

हात उताणा करण्याची हालचाल, म्हणजे प्रसाद घेण्यासाठी किंवा दुकानदाराकडून सुटे पैसे घेण्यासाठी ओंजळ पुढे करणे, सर्वांत उशिरा सुटते. त्यासाठी मनगटाजवळ रेडियस आणि अल्ना यांच्यामधल्या सांध्यावर वेगळे काम लागते. अल्ना स्थिर धरून रेडियस हाताच्या पाठीच्या दिशेने सरकवले जाते. अल्नाच्या बाजूला इजा झालेली असेल तर इथे विशेष सबुरी लागते, म्हणूनच शल्यचिकित्सकांना विचारण्याच्या प्रश्नांत त्याचा समावेश केला आहे.

भेटीनंतरचा दिवस

उपचारांवरील उपलब्ध संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मनगटाच्या हाडमोडीनंतरच्या विविध पुनर्वसन पद्धतींपैकी अमुक एकच श्रेष्ठ, असे ठरवण्यास पुरेसा पुरावा आढळला नाही. त्यामुळे ज्याची बोटे सहज मिटतात, सूज उतरली आहे आणि हालचाल दर आठवड्याला वाढते आहे, त्याला नीट समजावलेले घरचे व्यायाम आणि अधूनमधून तपासणी एवढे पुरू शकते. ज्याचा सांधा अडला आहे, ज्याला भीतीने हात हलवता येत नाही किंवा ज्याचा व्रण चिकटला आहे, त्याला मात्र हाताने दिलेल्या उपचाराची खरी गरज असते, असे माझे मत आहे. दोन्ही प्रसंगी कसोटी एकच लावावी. भेटीत मिळालेले अंश दुसऱ्या दिवशी सकाळी टिकले आहेत का, हे पाहावे. फिजिओथेरपिस्टने सैल केलेला सांधा त्याच संध्याकाळी वापरला गेला नाही, तर सकाळी तो पूर्वीइतकाच ताठ सापडतो.

मिळालेली हालचाल टिकवण्यासाठी नमस्काराची मुद्रा उपयोगी पडते. छातीसमोर तळहात जुळवून ते एकमेकांपासून सुटू न देता हळूहळू खाली न्यावेत आणि कोपरे बाहेर ठेवावीत. अर्धा मिनिट थांबून सैल करावे आणि असे चार-पाच वेळा करावे. उलट दिशेसाठी हातांच्या पाठी जुळवून बोटे जमिनीकडे करावीत. हात उताणा-उपडा करण्यासाठी कोपर बरगडीला टेकवून लाटण्याचे एक टोक मुठीत धरावे आणि त्याच्या वजनाने हात हळूहळू एका बाजूला कलू द्यावा. कोपर अंगापासून सुटले तर ती हालचाल खांद्यातून होते आणि मनगट आहे तिथेच राहते. दुसऱ्या हाताने ताण देणारे हे सर्व व्यायाम शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यानंतरचे आहेत.

मनगट वर उचलताना एक दोष फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. बोटे ताठ करून त्यांच्या जोरावर मनगट वर आणले जाते आणि मनगट उचलणारे खरे स्नायू दुबळेच राहतात. परिणामी पेला पकडायला जाताच मनगट खाली पडते, कारण बोटे वस्तूभोवती मिटलेली असतात आणि उचलण्याचे काम करायला कोणीच उरत नाही. म्हणून हा व्यायाम नेहमी मूठ सैल मिटून, हवे तर मुठीत पेन्सिल धरून करावा. फिजिओथेरपिस्ट यावेळी दोन बोटे अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) पाठीवर ठेवून योग्य स्नायू आकसतो की नाही हे तपासतात.

दुखण्याचे प्रमाण शून्य ते दहा या मापावर मोजावे. व्यायामात ते चारपर्यंत जाऊन तास-दोन तासांत पूर्वपदावर येत असेल, तर प्रमाण योग्य आहे. रात्रभर ठणका लागला, सकाळी बोटे अधिक सुजलेली दिसली किंवा मूठ कालच्यापेक्षा कमी मिटली, तर मात्रा जास्त झाली असे समजून पुढच्या वेळी जोर आणि संख्या दोन्ही कमी करावे, मात्र हालचाल पूर्ण बंद करू नये.

थांबून डॉक्टरांना दाखवण्याच्या खुणा

हात भाजल्यासारखा जळजळतो, रंग आणि तापमान दुसऱ्या हातापेक्षा वेगळे आहे, घाम असमान येतो, सूज उतरत नाही आणि साध्या स्पर्शानेही असह्य दुखते, असा संच दिसला तर तो केवळ नाजूकपणा समजू नये. कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम या विकारात असे घडते आणि त्यात जोर लावून हात वाकवण्याने हानी होते, तर लवकर ओळखल्यास उपचार सोपे जातात. अंगठा, तर्जनी व मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर मनगटातील मुख्य मज्जातंतू दबत असल्याचा संशय घ्यावा. टेबलावर तळहात पालथा ठेवून अंगठा वर उचलता येत नसेल किंवा अंगठ्याचे टोक वाकवता येत नसेल, तर कंडरा तुटलेली असू शकते. प्लेटच्या कडेवर किंवा स्क्रूच्या टोकावर घासून हे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही घडते, आणि त्याआधी अंगठा हलवताना करकर जाणवू शकते. छेदातून स्राव, वाढती लाली आणि ताप ही संसर्गाची लक्षणे होत.

हाडवैद्याकडून तेल लावून ओढून घेण्याचा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटी देतात. त्यांचा मान राखूनही या काळात तो स्वीकारू नये, कारण आत प्लेट कुठे आहे आणि हाड किती जुळले आहे हे क्ष-किरण चित्राशिवाय कोणाच्याही बोटांना कळू शकत नाही.

ताकद, आणि उपचार कधी थांबवावा

हाड जुळत असल्याचे चित्रात दिसल्यावर, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, ताकदीकडे वळावे. सुरुवात मऊ स्पंज दाबण्याने करावी, नंतर सैल कणीक मळावी, पुढे ओला रुमाल पिळावा, आणि भरलेली बादली किंवा पाच किलोची पिशवी उचलणे त्याहून पुढे ठेवावे. तळहातावर शरीराचा भार टाकून जमिनीवरून उठणे ही आपल्या घरांतील नित्याची गोष्ट असली, तरी सर्वसाधारणपणे १० ते १२ आठवड्यांपूर्वी ती करू नये. त्याआधी भिंतीवर तळहात टेकवून थोडा भार घेण्याचा सराव करावा. ब्रेक पूर्ण जोराने आणि न दुखता दाबता येईपर्यंत दुचाकी चालवू नये.

हाताने दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या भेटी आरंभी आठवड्यातून दोन-तीन पुरतात आणि पुढे त्या विरळ व्हायला हव्यात. मनगट वर व खाली प्रत्येकी सुमारे ४० अंश आणि हात उताणा व उपडा प्रत्येकी सुमारे ५० अंश होऊ लागला की जेवण, अंघोळ, कपडे आणि स्वयंपाक यांतील बहुतेक कामे करता येतात, आणि तिथून पुढची वाढ रोजच्या वापरातून वर्षभर होत राहते. त्या टप्प्यानंतर केवळ सवय म्हणून भेटी चालू ठेवण्यात अर्थ नाही. याउलट घरचे व्यायाम नियमाने होत असूनही सलग तीन-चार आठवडे वहीतील अंश तिथेच राहिले, किंवा हालचालीच्या शेवटी मऊ ताण न जाणवता हाडावर हाड आदळल्यासारखा कठीण अडथळा लागू लागला, तर अधिक जोर लावण्याचा आग्रह न धरता ती वही घेऊन शल्यचिकित्सकांकडे जावे. हाड किंचित वाकडे जुळणे, स्क्रूचे टोक सांध्यात येणे किंवा आवरण घट्ट आखडणे यांपैकी काय झाले आहे, हे नव्या क्ष-किरण चित्रावरून किंवा सीटी स्कॅनवरून पाहता येते, आणि त्यानुसार प्लेट काढणे वा आवरण शस्त्रक्रियेने सोडवणे असे पर्याय त्यांच्यापुढे असतात.